जंप क्यू, ब्रेक-जंप की हातातली नेहमीचीच? पैसे घालण्याआधी वाचा

बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीकडे किंवा कॉलेजांच्या आसपास कुठल्याही पूल पार्लरमध्ये संध्याकाळी डोकावलात, तर स्वतःची क्यू, म्हणजे खेळायची काठी, पाठीला लावून येणारी दोन-चार पोरं हमखास दिसतात. पहिली क्यू हाताला बसली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "दादा, आता जंप क्यू घेऊ काय?" जंप क्यू म्हणजे पांढरा बॉल मधल्या बॉलवरून उडवायची खास आखूड, हलकी क्यू. निपाणी, खानापूरहून शनिवार-रविवारी खेळायला येणारेही हेच विचारतात. इथं हातात घेऊन बघायला तीन-चार क्यू मांडून ठेवणारं दुकान सहज सापडत नाही. माल पुण्याहून नाहीतर बंगळुरूहून मागवायचा, म्हणजे डोळे झाकून घ्यायचा. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक प्रश्न मी विचारतो. तुम्ही खेळता कुठल्या टेबलावर?

स्नूकर खेळत असाल तर हा विषय इथंच संपला. स्नूकरमध्ये पांढरा बॉल दुसऱ्या कुठल्या बॉलला आधी न लागता मधल्या बॉलवरून उडून गेला, तर तो फाउल, आणि समोरच्याला किमान 4 गुण. लहान बॉलचा इंग्लिश पद्धतीचा पूल खेळता? तिथंही तेच. उडी मान्य आहे ती अमेरिकन पद्धतीच्या पूलमध्ये, म्हणजे 57.15 मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या बॉलने खेळल्या जाणाऱ्या 8-बॉल, 9-बॉल आणि 10-बॉलमध्ये. आपल्याकडे स्नूकरचा संस्कार जुना आहे. हा खेळ 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, उटीत त्याचे नियम ठरले, आणि बेळगावसारख्या छावणीच्या गावांना तो परका राहिला नाही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी बंगळुरूत घडला. या दोघांनी ज्या खेळांत नाव काढलं, तिथं वेगळी जंप क्यू बाळगायची वेळच येत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना उडी म्हणजे लबाडी वाटते, यात नवल नाही. पण पूलमध्ये ती लबाडी नाही. ती का नाही हे कळलं, की कुठली क्यू घ्यायची तेही आपोआप सुटतं.

ही क्यू आली कुठून

उडी जुनीच. करामती दाखवणारे खेळाडू पूर्ण लांबीच्या क्यूने पांढरा उडवत आले आहेत. त्यासाठी वेगळी काठी बनवावी असं मात्र कुणाला वाटत नव्हतं, कारण सामन्यात तिची निकडच नव्हती. अमेरिकेत जुन्या पद्धतीच्या 9-बॉलमध्ये तुम्ही अडकलात, म्हणजे मारायचा बॉल दुसऱ्या बॉलच्या आड गेला, तर पांढरा हलकेच दुसरीकडे ढकलून देता यायचा, आणि तिथून कोण मारणार हे समोरच्यानं ठरवायचं. अडकवण्याची किंमत त्यामुळे कमी होती. पुढे नियम कडक झाले. एक फाउल झाला की पांढरा समोरच्याच्या हातात, टेबलावर हवा तिथं ठेवा. ढकलण्याची मुभा उरली ती फक्त ब्रेकनंतरच्या, म्हणजे डाव फोडणाऱ्या फटक्यानंतरच्या, पहिल्या फटक्यापुरती. आता अडकलेल्या माणसापुढे दोनच वाटा राहिल्या: कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लावून फिरवून मारायचं, म्हणजे किक, नाहीतर वरून उडवायचं. जंप क्यूचं मूळ मी या नियमबदलात शोधतो. कारागिरांची कल्पकता त्यानंतरची.

मग खेळाडूंच्या लक्षात आलं की पूर्ण क्यूपेक्षा तिचा नुसता पुढचा भाग, म्हणजे शाफ्ट, काढून हातात धरला तर बॉल फार सहज उडतो. शाफ्ट साधारण 29-30 इंचांचा, हलका, हाताळायला सुटसुटीत. नियम करणाऱ्यांनी ही वाट बंद केली आणि क्यूची किमान लांबी 40 इंच, म्हणजे 101.6 सेंटिमीटर ठरवली. आज बाजारात मिळणारी जवळपास प्रत्येक जंप क्यू 40 इंचांच्या किंचित वर का असते, याचं उत्तर हे. शक्य तितकी लहान, पण नियमात बसणारी. नंतर तिला टणक टिप, म्हणजे बॉलला लागणारं टोक, आली, आणि त्याच्याही पुढे ब्रेक आणि उडी दोन्हींना चालणारी, मागचा दांडा सुटा होणारी ब्रेक-जंप आली.

आखूड आणि हलकीच का

बॉल उडतो तो खालून उचलल्यामुळे नव्हे. खालून खरवडून उचलणं हा सरळ फाउल आहे, आणि आपल्याकडची निम्मी पोरं तेच करतात. कायदेशीर उडीत क्यू मागून वर उचलून पांढऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर खाली मारायचं असतं. बॉल कापडाखालच्या दगडावर दाबला जातो आणि तिथून उसळतो. रबरी चेंडू पायरीवर आपटून हात तिथंच ठेवला तर चेंडू वर येईल का? तसंच इथं. बॉल वर यायला निघाला आणि टिप अजून वाटेतच असली, की उडी मेली. टिप आणि बॉलचा स्पर्श एका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच असतो. तेवढ्यात टिप बाजूला व्हायला हवी.

बॉल साधारण 160-170 ग्रॅमचा. नेहमीची क्यू 540 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बॉलच्या तिपटीहून जड. ती धडकेनंतरही पुढे रेटत राहते. जंप क्यू सहसा 230 ते 370 ग्रॅमची. ती धडकेत बराच वेग गमावते आणि बॉलला वाट मोकळी करून देते. फेनॉलिकची, म्हणजे कडक प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची, टणक टिप त्यात भर घालते, कारण ती दबत नाही आणि स्पर्श आणखी कमी वेळ टिकतो.

लांबीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्या पार्लरमध्ये फार जाणवतो. 58 इंची क्यू 45 अंशांत धरली तर तिचं मागचं टोक टिपेपेक्षा 41 इंच वर जातं. टेबलाची उंची 30 इंच धरा. म्हणजे टोक जमिनीपासून 71 इंचांवर, उंच माणसाच्या डोक्याला लागेल इतकं. मागच्या हाताला जोर उरत नाही, आणि पांढरा टेबलाच्या मध्याकडे असेल तर दिव्याच्या शेडचीही काळजी. तोच कोन 40 इंची क्यूने घेतला तर टोक 28 इंचच वर जातं. हात छातीपाशी येतो, आणि अंगठा अन् दोन बोटांत धरून डार्टसारखा पुढे फेकता येतो. भिंतीला खेटून लावलेल्या टेबलांवर हा फरक पैशात मोजता येणार नाही इतका मोठा आहे.

आता तिघींचं समोरासमोर

नेहमीची क्यू अगदीच निरुपयोगी नाही. अडथळ्याचा बॉल फूटभर लांब असेल आणि त्याची फक्त कडच आड येत असेल, तर 25-30 अंशांच्या उताराने काम होतं. बॉलच्या कडेवरून जायला पूर्ण बॉलएवढी उंची लागत नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. तिची चामड्याची टिप चॉक, म्हणजे टिप घसरू नये म्हणून लावायची पूड, नीट धरते. काही आयोजक वेगळी जंप क्यू चालू देत नाहीत, पण पूर्ण क्यूने उडी मारू देतात, तिथं पूर्ण क्यूने उडी जमणारा जिंकतो. मात्र अडथळा बॉलभर अंतरावर आला की हिची मजल संपली. शिवाय चांगल्या शाफ्टवर असे घाव घालणं जिवावर येतं.

स्वतंत्र जंप क्यू इथंच कामाला येते. अडथळा हातभर असो की जवळ येऊन बसलेला असो, नवशिक्याचासुद्धा बॉल पहिल्या तासाभरात उडायला लागतो. पण उडणं आणि लागणं यात फार अंतर आहे. टणक टिप चॉक धरत नाही, मध्यापासून जरा सरकलात की मिसक्यू, म्हणजे टिप घसरून फटका वाया. पांढरा पलीकडे उतरून कुठं थांबेल यावर ताबा कमीच. बेळगावच्या पावसाळ्यात मात्र हिचा एक फायदा मी स्वतः मानतो: जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की चामड्याची टिप मऊ पडून पसरते, फेनॉलिकला काही होत नाही. कापड ओलसर आणि जड झालं की किक मारताना कुशनचा अंदाज चुकतो, तेव्हाही उडीची वाट जास्त भरवशाची वाटते.

ब्रेक-जंप ही दोन कामांची तडजोड. ब्रेकला वजन हवं, उडीला हलकेपणा हवा, आणि एकाच दांड्यात दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. मागचा भाग काढल्यावरही ती स्वतंत्र जंप क्यूपेक्षा सहसा जडच राहते, त्यामुळे अगदी जवळच्या अडथळ्यावरून ती कमी पडते. पण पिशवीत एकच काठी वाढते, आणि ब्रेकचे घाव तुमच्या खेळायच्या क्यूवर पडत नाहीत. एका जास्तीच्या जोडावर लक्ष ठेवा. ओलाव्यात लाकूड फुगतं-आकसतं, जोड ढिला झाला की फटक्याला खडखड ऐकू येते.

माझं मत विचाराल तर, आठवड्यातून एकदोनदा मित्रांबरोबर 8-बॉल खेळणाऱ्यानं यातलं काहीच घेऊ नये, त्या वेळात किक शिकावी. 1999 चे 9-बॉल जगज्जेते एफ्रेन रेयेस यांच्या किक बघा. कुशनवरून काय काय शक्य आहे ते कळतं, आणि जंप क्यूमुळे ही कला मागे पडते असं म्हणणाऱ्यांची तळमळही कळते. कोल्हापूर, हुबळी, गोव्याकडे 9-बॉल किंवा 10-बॉलच्या स्पर्धा खेळायचा विचार असेल तर स्वतंत्र जंप क्यू घ्या. तिथं समोरचा अडकवण्यासाठीच खेळतो आणि सुटकेचा रस्ता नसेल तर एक रॅक, म्हणजे डाव, हातचा जातो. ब्रेक-जंप मी फक्त त्याला सांगेन ज्याच्याकडे ब्रेक क्यूही नाही आणि दोन वेगळ्या घ्यायचं बजेटही नाही.

मागवताना विक्रेत्याकडून टिपेसकट लांबी लेखी घ्या; 40 इंचांच्या आत भरली तर सामन्यात बाद. आयोजकांचं पत्रकही आधी वाचा, कारण काही स्पर्धांत फेनॉलिक टिप चालत नाही. काठी हातात आली की सपाट टेबलावर लोळवून बघा, टोक थरथरलं तर लगेच परत पाठवा.

आणि पार्लरच्या मालकाला विचारल्याशिवाय सराव सुरू करू नका. खाली मारलेल्या प्रत्येक फटक्यानं पांढऱ्याखालचं कापड भाजतं, त्याचे पांढुरके ठिपके कायमचे राहतात, आणि कापड बदलायचा खर्च त्याच्या खिशातून जातो. जुन्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा मागून घ्या, पांढरा त्यावर ठेवून मारा. बहुतेक मालक तेवढ्यावर हो म्हणतात. टेबलाखाली दगडाऐवजी लाकडी फळी असेल तर तिथं सरावच करू नका, बॉल नीट उसळत नाही आणि हाताला चुकीचा जोर लावायची सवय लागते.