मानेवाड्यातला पुनर्परीक्षेचा क्लास: शिकवणं झकास, बाकी जरा बोंबच
भाचा पाचवीत गणितात लटकला म्हणून इथं टाकला. २०१९ ला आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा बदलला अन् महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, तरी मोहल्ल्यात सगळे म्हणतात आठवीपर्यंत कोणी नापास होतच नाही, काहून टेन्शन घेतं बे! मॅडमनी मात्र नीट सांगितलं, आधी पुनर्परीक्षा मिळते, त्यातही गेला तरच त्याच वर्गात बसावं लागते, पण आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. अपूर्णांक डब्यातली पोळी चौघांत वाटून शिकवले, पोट्ट्याला लगेच समजले. पण मे महिन्यात दुपारी दोनची बॅच, कूलरमध्ये पाणी नाही अन् फी मात्र पूर्ण अ‍ॅडव्हान्स. सकाळचीच बॅच मागा.