शॅमेलिऑनसाठी जाळीचा पिंजरा: डिचोलीच्या खिडकीवाल्यांचं काम

खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी आणि मच्छरजाळ्या बसवून देणाऱ्या, गोव्यात डिचोलीतल्या एका छोट्या वर्कशॉपबद्दल लिहितेय. बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, दाराला पाटी नाही, दोन भाऊ आणि एक मुलगा मिळून काम करतात. त्यांनी मला पिंजरा करून दिला: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. काळं पावडर कोटिंग धरून ५,२०० रुपये झाले, नऊ दिवस लागले. गेले साडेचार महिने माझा व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे झाडावर राहणारा, रंग बदलणारा सरडा, त्यात राहतोय. तो आज जिवंत आहे याचं निम्मं श्रेय डॉक्टरांचं आणि निम्मं या पिंजऱ्याचं, असं मी मानते.

शॅमेलिऑन खरं तर भाच्याचा. मे महिन्यात त्याने तो पुण्याहून आणला, तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता, वजन १४ ग्रॅम. जूनमध्ये भाचा हॉस्टेलला गेला आणि हा माझ्याकडे आला. शेपटी गुंडाळून फांदीवर बसला की हिरव्या मिरचीसारखा दिसतो, म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलं मिरसांग. मागच्या पायांच्या टाचेवर बारीक टोक आहे, म्हणजे नर. ते टोक नराला अंड्यातून बाहेर येतानाच असतं. माझं काम पतसंस्थेत हिशेबाचं, त्यामुळे वही घालायची सवय. दर रविवारी सकाळी त्याला छोट्या डिजिटल काट्यावर बसवते आणि वजन लिहून ठेवते. पुढचं सगळं त्या वहीतून सांगतेय.

आधी कागदांचं सांगते, कारण शेजारी विचारतात. हा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा प्राणी. असे परदेशी प्राणी पाळायचे तर २०२४ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. भाच्याकडून माझ्या नावावर करून घेताना मी ते केलं. आपल्या देशात रानात सापडणारा शॅमेलिऑन वेगळा. तो कायद्याने संरक्षित आहे, त्याला पकडून घरी आणायचं नाही. कागद नसलेला प्राणी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

आता पिंजरा का करावा लागला ते. मिरसांग आला तो काचेच्या टाकीत. एका पेट शॉपने भाच्याला सगळा संच एकत्र विकला होता: चारी बाजूंनी काच, वर बारीक झाकण, एक पिळाचा छोटा दिवा आणि रात्रीसाठी लाल बल्ब. वाळवंटातल्या सरड्याला ती टाकी कदाचित चालेल. पण गोव्यात जून लागला की भिंतीसुद्धा घाम गाळतात. दिवसातून दोनदा पाणी फवारायचं, तर काच कधी सुकायचीच नाही. आत हवा हलत नव्हती. त्यात काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसायचं. शॅमेलिऑनला दुसरा शॅमेलिऑन जवळ खपत नाही, म्हणून हा दिवसभर अंगावर काळपट पट्टे चढवून बसायचा. मला वाटायचं, रंग बदलणं हा त्याचा स्वभावच. तिसऱ्या आठवड्यात तो दुपारी बाराला डोळे मिटून बसलेला दिसला. मान वर, तोंड किंचित उघडं, नाकाशी बारीक बुडबुडा. वहीत त्या रविवारी १९ चे १७ ग्रॅम झालेले आहेत.

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, दिवसा मिटलेले डोळे म्हणजे आजार, आणि हा श्वसनाचा संसर्ग आहे. इंजेक्शनं सुरू झाली. पण त्यांचं दुसरं वाक्य माझ्या मनात जास्त राहिलं: "औषध मी देतो, पण त्याच दमट पेटीत परत ठेवलात तर उपयोग नाही. त्याला वारा लागणारं घर द्या." परदेशातून जाळीचा तयार पिंजरा मागवायला वेळ नव्हता. घरी परतताना बाजारात खिडकीच्या चौकटी टेकवून ठेवलेल्या दिसल्या, आणि मी स्कूटर थांबवली.

थोरले भाऊ मोजपट्टी घेऊन उभे राहिले आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा: "ताई, हा चढतो की चालतो?" तोवर मला कोणीच हे विचारलं नव्हतं, टाकी विकणाऱ्यानेही नाही. मी सांगितलं, चढतो, जमिनीवर येतच नाही, उंचावर बसला की निर्धास्त असतो. त्यांनी लगेच आतल्या बाजूने तीन उंचींवर अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या धरल्या, फांद्या बांधायला. हे माझ्या डोक्यात नव्हतं, आणि पिंजऱ्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच ठरली. त्या पट्ट्यांना मी पेरूच्या आणि जास्वंदाच्या फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या बांधल्या आहेत. पिलाला पेन्सिलीएवढ्या बारीक लागतात, कारण त्याची बोटं दोन आणि तीन अशी जुळलेली असतात आणि चिमट्यासारखी फांदी धरतात. काजूची फांदी चिकामुळे टाळली. आत जास्वंदाची आणि मनीप्लांटची कुंडी आहे. हा सरडा पानंही खातो, त्यामुळे झाडावर कसलंच औषध मारलेलं नको. नर्सरीतून आणलेली झाडं मी महिनाभर बाहेर ठेवून, धुऊन, माती बदलून मगच आत घेतली.

काम सफाईचं आहे. कोपरे काटकोनात, कोटिंग गुळगुळीत, चार फूट उंचीचा असूनही डुगडुगत नाही. काळा रंग मी मागितला, कारण काळ्या जाळीतून आतलं स्पष्ट दिसतं. कोटिंगचा वास चार दिवस होता, तेवढे दिवस पिंजरा गॅलरीत रिकामा ठेवला. तुम्हीही ठेवा.

आता उणिवा.

पहिली आणि मोठी म्हणजे जाळी. त्यांच्याकडे खिडक्यांसाठी असते ती फायबरची मच्छरजाळी त्यांनी लावली. मीही काही बोलले नाही. आठ दिवसांत, त्याला खायला सोडलेल्या क्रिकेट किड्यांनी (रातकिड्यांनी) तळाशी तीन भोकं कुरतडली, आणि एका ठिकाणी मिरसांगची नखी अडकून तो पाय ओढत बसलेला सापडला. मी तो पाय सोडवला तेव्हा माझे हात थरथरत होते. एवढ्याशा नखीतून रक्त आलं असतं तर काय करायचं, मला ठाऊक नव्हतं. पिंजरा परत नेला. भावांनी वाद न घालता स्टीलची जाळी बसवली, पैसे फक्त जाळीचे घेतले, मजुरी नाही. हे मला फार आवडलं, पण पहिल्याच वेळी "आत काय राहणार, तो काय खाणार" हे त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी उणीव दाराची. खिडकीवाले म्हणून त्यांनी सरकतं दार दिलं. खालच्या खाचेत पाणी साचतं, मेलेले किडे अडकतात, आणि सरकवताना जो कर्कश आवाज येतो त्याने हा लगेच फांदीच्या पलीकडे जाऊन लपतो. दार कब्जाचंच (बिजागरीचं) हवं. तिसरी, तळाचा ट्रे सपाट आहे. पाणी एका कोपऱ्यात यायला हवं, ते पसरतं. पावसात आपल्याकडे साचलेल्या पाण्याचा अर्थ डास आणि डेंग्यू. मी नंतर कोपऱ्यात भोक पाडून बेसिनची नळी लावून घेतली, बादली खाली ठेवते. आणखी एक: दोन स्क्रूंची टोकं आत आली होती. मी बोट फिरवून बघितलं म्हणून कळलं. प्राणी आत सोडण्याआधी प्रत्येक जोडावरून बोट फिरवा, हे नक्की करा.

छताबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही गोष्ट त्यांनाही आणि मलाही आधी माहीत नव्हती. शॅमेलिऑनला उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण मिळाले नाहीत तर अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही, आणि वाढत्या पिलाचा जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात. काचेतून हे किरण येतच नाहीत, त्यामुळे खिडकीच्या काचेआडून येणारं ऊन कामाचं नाही. बारीक जाळीही त्यातले बरेच अडवते. म्हणून मी छताची बारीक जाळी काढायला लावून साधारण पाव इंच भोकांची जोडलेली तारजाळी लावून घेतली. तिच्यावर दोन फुटी टी-५ ट्यूब, सहा टक्के यूव्हीबीची, आणि सगळ्यात वरची फांदी ट्यूबपासून एक वीत खाली. ट्यूब उजेड देत राहते, पण तिचे किरण कमी होत जातात, म्हणून तारीख तिच्यावरच मार्करने लिहिली आहे, वर्षाने बदलणार. छताची भोकं मोठी झाल्यावर बारीक क्रिकेट पळू लागले, तेव्हापासून खाणं गुळगुळीत उभट वाटीत देते. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांना आदल्या दिवशी गाजर आणि शेवग्याचा पाला खाऊ घालायचा, मग साधं कॅल्शियम लावून द्यायचे. डी-३ असलेलं महिन्यातून दोनदाच.

उष्णतेचा बल्ब मात्र पेट शॉपने दिला त्यापेक्षा खूप लहान पुरतो. पावसाळ्यात सकाळी दोन-तीन तास, बसायच्या फांदीवर २८-२९ अंश होईल एवढाच, आणि जाळीपासून वर टांगलेला, कारण हा छताला उलटा लटकतो आणि पाठ भाजून घेतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी तो लावलाच नाही. लाल बल्ब काढून टाकला. रात्री त्याला काळोख आणि गारवा हवा असतो. हवा खेळत्या पिंजऱ्यात तो झोपतो तेव्हा इतका फिकट पोपटी होतो की टॉर्चच्या उजेडात पानापासून वेगळा ओळखू येतो.

पाण्याचं सगळ्यात समाधान आहे. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही, त्याला हलणारा थेंब दिसावा लागतो. फार्मसीतून सलाईनचा सेट आणला, पिंजऱ्यावर बाटली उलटी टांगली, आणि चाकाने थेंब इतका हळू केला की दोन सेकंदांना एक पडावा. तो जास्वंदाच्या पानावर पडतो, पान खाली झुकतं, थेंब टोकाशी येऊन थांबतो. मिरसांग पहिली दहा मिनिटं जणू बघतच नाही. मग एक डोळा वळतो, दुसरा माझ्याकडेच असतो. मग दोन्ही डोळे त्या थेंबावर येतात, मान हळूहळू पुढे येते, आणि तो पाणी चावल्यासारखा जबडा हलवत पितो, गळ्याची कातडी वरखाली होते. आजारातून उठल्यावर पहिल्यांदा तो असा प्यायला तेव्हा मी पंधरा मिनिटं हललेच नाही. त्याच्या विष्ठेसोबत पडणारा घट्ट लघवीचा भाग पांढरा असला की पाणी पुरतंय, नारिंगी दिसला की कमी पडतंय. काचेच्या टाकीत ही ठिबक लावली असती तर दलदल झाली असती. इथे सकाळचं पाणी दुपारपर्यंत सुकतं, अगदी जुलैतही, पंखा खोलीत मंद ठेवला तर.

पाय चार इंचांचे मागून घ्या. मला ते नंतर लावावे लागले. गोव्यातल्या घरात लाल मुंग्या कुठूनही येतात, आणि झोपलेल्या पिलाला त्या सोडत नाहीत. चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत आहेत. साबणाच्या पाण्यात डासांच्या अळ्या टिकत नाहीत.

पाचपैकी चार. एक गुण जाळीच्या आणि दाराच्या चुकीचा. वहीत गेल्या रविवारी ९६ ग्रॅम आहे, पाय सरळ, जबडा टणक.

करून घेणार असाल तर कागदावर चित्र काढून न्या, आणि हे आधीच बोला: स्टीलची बारीक जाळी तीन बाजूंना, छताला पाव इंची तारजाळी, कब्जाचं दार पुढे आणि ट्रे काढायला खाली एक छोटं दार, उताराचा ट्रे, आतून पट्ट्या, सगळ्या स्क्रूंची टोकं बाहेर. वर्कशॉप दुपारी एक ते साडेतीन बंद असतं. चवथीच्या आधीच्या तीन आठवड्यांत जाऊ नका, तेव्हा ते घराघरांच्या खिडक्यांत गुंतलेले असतात आणि नऊ दिवसांचे पंचवीस होतात.