जुन्या वेब्ली रिव्हॉल्वरची कमान बदलून घेतली : एक पावसाळा, एक हिवाळा काढल्यानंतर

जुन्या रिव्हॉल्वरची कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली की आमच्या तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूर भागात पहिला सल्ला मिळतो, "विकून टाका, कानपूरचं नवं घ्या." मी विकलं नाही. नवी कमान करून घेतली, ती भरपूर वापरली, आणि आज कोणी विचारलं तर बेधडक सांगतो, नळी आणि सांगाडा निरोगी असेल तर दुरुस्तीच करा.

रिव्हॉल्वर वडिलांचं. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं, ३२ बोअर, वरून मोडून राउंड भरायचे, त्या घडणीचं. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हयातीतच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. वडिलांनी तसाच केला आणि ते माझ्या परवान्यावर आलं. मोंढ्यात सोयाबीन विकून पट्टीचे पैसे घेऊन रात्री परतताना किंवा शेतातल्या आखाड्यावर मुक्काम असला की ते कमरेला असतं.

एके दिवशी रिकामं असताना घोडा, म्हणजे काडतुसावर मार देणारा भाग, ढिला पडला आणि बोटाने ओढायचा चाप दाबल्यावर परत येईना. दोन्ही एकदम गेले, यावरूनच दोष कळतो. वेब्लीत मुठीच्या आत इंग्रजी व्ही अक्षरासारखी एकच चपटी कमान असते. तिचा एक पाय घोड्याला जोर देतो आणि दुसरा पाय चापाला परत जागेवर आणतो. कमान वाकणातून तुटली की दोन्ही कामं ठप्प. आमची नेमकी वाकणातच गेली होती, आणि तुटल्या जागी गंजाचा बारीक खड्डा स्पष्ट दिसत होता. अशा खड्ड्यापासून चीर सुरू होते आणि प्रत्येक वेळी घोडा चढवला की ती थोडी थोडी वाढत जाते.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे टाका मारून घ्या, असंही दोघातिघांनी सुचवलं. हे अजिबात करू नका. कमानीचा सगळा जीव तिला दिलेल्या पाण्यात असतो. पोलाद तापवून तेलात विझवायचं आणि मग साधारण ३०० अंशांच्या आसपास निळसर झाक येईपर्यंत पुन्हा तापवायचं, तेव्हा ते लवचीक होतं. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरतं, आणि टाक्याची जागा एक तर मऊ पडते नाही तर काचेसारखी ठिसूळ होते. शिवाय परवान्याशिवाय हत्यार दुरुस्त करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. त्यात त्या बिचाऱ्या वेल्डिंगवाल्याला का ओढायचं?

आमच्याकडून हैदराबाद जवळ. निजामाच्या काळापासून लग्नाच्या बस्त्यापासून दवाखान्यापर्यंत सगळ्याला हैदराबाद गाठायची इथली सवय. पण माझ्या परवान्यावर क्षेत्र महाराष्ट्रापुरतं आहे, म्हणजे हत्यार घेऊन तेलंगणाची हद्द ओलांडता येत नाही. सीमेवरच्या तालुक्यांतल्या लोकांनी निघण्याआधी परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचावा. मी छत्रपती संभाजीनगरला एका परवानाधारक दुकानात दिलं. नंबरासह पावती घेतली, कारण दुरुस्तीच्या काळात हत्यार घरी का नाही याचं उत्तर तोच कागद देतो.

तयार कमान मिळाली नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२ बोअर वेब्लीच्याच ठेवणीवर बेतलेलं आहे, पण म्हणून त्याची कमान जुन्या वेब्लीत जशीच्या तशी बसेल असं धरून चालू नये. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने जुने तुकडे जुळवून मापं घेतली आणि पट्टीपासून नवी कमान घडवली. वेळ सांगितला होता त्याच्या कितीतरी पुढे गेला. पण त्यांनी कानशीच्या आडव्या खुणा पॉलिश करून पूर्ण काढल्या होत्या. त्या खुणांतूनच पुढे चिरा पडतात. हे न सांगता करणारा माणूस मिळाला, तर उशीर सोसावा.

आता वापराचं. पहिले काही दिवस चाप जड वाटला. जुनी कमान थकली होती आणि तिच्या हलक्या चापाची बोटाला सवय झाली होती. हलका चाप कितीही गोड वाटला तरी घोड्याचा मार कमी पडला तर काडतुसाच्या बुडाची, बार पेटवणारी टोपी फुटत नाही. रेंजवर चालवून पाहिलं तेव्हा रिकाम्या काडतुसांच्या टोप्यांवरचे ठसे खोल, गोल आणि सगळ्यांवर सारखे होते. दुरुस्ती जमली की नाही, ते मी या ठशांवरून ठरवतो. एकही राउंड फुसका गेला नाही. चापाचा जडपणा अजून आहे आणि मला तो मान्य आहे.

पावसाळ्यात मी चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवणं पूर्ण बंद केलं. चामडं ओल धरतं आणि लोखंडाला सोडत नाही. बाहेर जाताना कव्हर, घरी आल्यावर पुसून तेलाचा हात आणि कपाटात कुलूप. मग २०२४ ची विधानसभा आली, आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा झालं. परत मिळालं तेव्हा नळीवर तांबूस डाग होते, आत कमानीवर मात्र काही नव्हतं, कारण जमा करण्याआधी दुकानातून आत तेल घालून घेतलं होतं. निवडणुकीआधी एवढं प्रत्येकाने करावं.

एक नाराजी आहे. मुठीच्या स्क्रूची खाच दुकानात थोडी मार खाऊन आली. इतक्या जुन्या वस्तूला बरोबर मापाचा पेचकस लावायला हवा होता, आणि ते मी तिथे स्पष्ट बोललो.

खर्च नव्या रिव्हॉल्वरच्या किमतीपुढे किरकोळ. तुटलेले तुकडे मागून घ्या, ते पुढच्या वेळी मापाला लागतात. माझे परवान्याच्या कागदांसोबत ठेवलेत. आता फिरकी (राउंड भरायचा फिरता भाग) अडवणारा खटका थोडा झिजल्यासारखा वाटतो, तो उन्हाळ्यात त्याच कारागिराला दाखवणार आहे.