२०७१ की २०७५? आधी कोणती पाहावी

'काउबॉय बीबॉप' घडते २०७१ मध्ये, 'प्लॅनेटीज' २०७५ मध्ये. दोन्ही सनराइज स्टुडिओच्या जपानी अ‍ॅनिमे (चित्र) मालिका, दोन्हींचे भाग २६, दोन्हींत जुनाट यानावर पोटासाठी राबणारी चार-दोन माणसं. एवढं सारखं असूनही दोघींचं भविष्य एकमेकींना ओळखसुद्धा देणार नाही. म्हणून, दोन्ही मनापासून आवडत असल्या तरी 'कुठलीही बघा' असं मी कुणालाही सांगत नाही.

बीबॉपचं (१९९८, दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे) जग वापरून वापरून झिजलेलं आहे. ग्रहांमध्ये झटपट ये-जा करण्यासाठी बांधलेल्या एका अवकाशद्वाराच्या अपघातात चंद्राचा लचका तुटला, तेव्हापासून पृथ्वीवर दगड कोसळतायत आणि माणसं मंगळ, शुक्र, गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर पांगली आहेत. तिथेही भाडं, कर्ज, गुंडांच्या टोळ्या सुटलेल्या नाहीत. बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणाऱ्या नायकांचं यान म्हणजे मुळात मासेमारीचं जहाज. पहिल्याच भागात यानाचा मालक जेट ढोबळी मिरची आणि मांस रांधतो, फक्त त्यात मांस नसतं. या एका ताटावरून मला ते सगळं जग कळलं. त्यावर योको कान्नोचं संगीत: गुरूच्याच कॅलिस्टो या चंद्रावर घडणाऱ्या दोन भागांतला बर्फ आणि सॅक्सोफोन मी अजून विसरलेलो नाही. विज्ञान मात्र इथे सोयीपुरतं. मुख्य कथानकही मोजक्याच भागांत पुढे सरकतं, बाकीच्या गोष्टी सुट्या.

प्लॅनेटीज (२००३, दिग्दर्शक गोरो तानिगुची, मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, माकोतो युकिमुरा यांची) कचरा वेचणाऱ्यांची गोष्ट आहे. पृथ्वीभोवती फिरणारे निकामी उपग्रह, रॉकेटचे तुकडे, सुटे स्क्रू गोळा करायचे, हीच नोकरी. खालच्या कक्षेत अशी वस्तू सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने जाते. मालिकेत एक स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो आणि या कचरा वेचणाऱ्यांपैकी युरीची बायको जाते. मालिका आली तेव्हा ही कल्पना होती. २००९ मध्ये सैबेरियाच्या वर दोन उपग्रह खरोखर आदळले आणि हजारो तुकडे झाले.

पण मला ती बांधून ठेवते ती कचऱ्यासाठी नाही, कचेरीसाठी. कंपनीच्या या कचरा विभागाला 'अर्धा विभाग' म्हणतात, कारण माणसंच निम्मी. कंपनीला तो तोट्याचा वाटतो. अंतराळपोशाखात डायपर घालावा लागतो, यानाची कप्तान फी हिला सिगारेट ओढायला खोली मिळत नाही. आणि अवकाश कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न ती टाळत नाही. अकराव्या भागात एका गरीब देशातला माणूस स्वतःच्या कारखान्यात बनवलेला पोशाख विकायला येतो. श्रीमंत देशांनी वाटून घेतलेल्या आकाशात त्याचं काय होतं, ते पाहताना माझा घसा दाटून आला. भविष्य म्हटलं की बहुतेक मालिका चकचकीत शहर दाखवतात. हिने पगार कुणाला आणि फायदा कुणाला, हे दाखवलं.

तिचीही खोट आहे. सुरुवातीचे भाग आरडाओरड्याच्या विनोदाने भरलेत आणि विभागात नव्याने आलेल्या तानाबेचं 'प्रेम, प्रेम' कानाला टोचतं. तिथेच बरेच जण सोडून देतात.

शहरच पाहायचं असेल तर या दोन्ही बाजूला ठेवा आणि 'घोस्ट इन द शेल : स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' (२००२) घ्या. २०३० च्या निइहामा शहरात माणसांचे मेंदू थेट संगणकांच्या जाळ्याला जोडलेले आहेत. मात्र ती दमलेल्या रात्री बघण्यासारखी नाही, संवाद नीट ऐकावे लागतात.

रोज रात्री जेवणानंतर एखादा भाग, एवढाच वेळ असेल तर बीबॉप. मध्ये आठवडा गेला तरी बिघडत नाही. सलग पंधरा दिवस देता येत असतील तर माझं मत ठामपणे प्लॅनेटीजला. फक्त सातव्या भागाच्या आधी निर्णय घेऊ नका. चंद्रावर जन्मलेली, बारा वर्षांची, उंचच उंच नोनो तिथे भेटते. तिला पृथ्वीवरचा समुद्र पाहायचाय, आणि तिचं शरीर तिला तिथवर जाऊ देणार नाही.