सुवोनचं भाड्याचं शेत: शिकवणी झकास, साखरेचा हिशेब मात्र आधी विचारा

दक्षिण कोरियातल्या सुवोन शहराच्या बाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यावरून थोडं चाललं की हे शेत लागतं. वाफा वर्षाच्या भाड्याने मिळतो आणि सोबत नैसर्गिक शेतीची शिकवणी. पद्धत कोरियन नैसर्गिक शेतीचे जनक चो हान-ग्यू यांची. ते 1935 साली सुवोनलाच जन्मले, म्हणजे विद्या इथलीच म्हणायची.

मालकांना सगळे सॉनसेंगनिम म्हणतात, म्हणजे गुरुजी. बोलणं कमी, हात जास्त चालतो. भात मुद्दाम फडफडीत शिजवायचा, लाकडी खोक्यात सैल भरायचा, वर कागद बांधायचा आणि टेकडीवर बांबूखालच्या पालापाचोळ्यात ठेवून यायचं. चार-पाच दिवसांत त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. काळी दिसली की सरळ फेका. पांढऱ्यात वजनाइतकी ब्राऊन शुगर, मग पुढे गव्हाचा कोंडा. कोंड्याचा ढीग तापतो, पण 50 अंशांवर जाऊ द्यायचा नाही. गुरुजी मनगटापर्यंत हात खुपसतात आणि ‘आता उलथा’ म्हणतात. आमच्या सांगलीकडे जीवामृतात बांधावरची मूठभर माती टाकतात ती याचसाठी, म्हणजे तिथलेच सूक्ष्मजीव शेतात आणायला, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

कोंबड्यांचं खुराडं तर बघाच. खाली सिमेंट नाही, माती आणि भाताचा पेंढा. मी वाकून मूठभर उचलून वास घेतला: पहिल्या पावसानंतरच्या रानाचा. पिल्लांना सुरुवातीलाच कच्चा ब्राऊन राईस आणि बांबूची चिरलेली पानं देतात, आतडी दणकट व्हावीत म्हणून.

आता तक्रार. जाहिरातीत ‘खर्च जवळपास शून्य’ म्हटलंय. पाल्याच्या अर्काला साखर, भाताच्या बुरशीला साखर, माशाच्या अर्कालाही साखर! आणि ती त्यांच्याकडूनच घ्यायची, बाजारापेक्षा महाग. अर्क 500 ते 1000 पट पाण्यात फवारतात, बाटली पुरते, हे कबूल. पण चो यांच्याच मुलाने 1991 साली सुरू केलेल्या जादाम पद्धतीत सूक्ष्मजीवांचं द्रावण करायला उकडलेला बटाटा, जंगलातली कुजकी पानमाती, समुद्री मीठ आणि पाणी एवढ्यावर भागतं. गुरुजींपुढे हे काढलं, तर त्यांना लगेच कोंबड्यांची आठवण झाली.

उशिरा उठणाऱ्यांनी या फंदात पडू नये. अर्कासाठी ‘सूक’चा (दवण्याच्या जातीची रानवनस्पती) पाला सूर्योदयाआधीच तोडायचा असतो. शिकवणी फक्त कोरियनमध्ये. आणि वाफा विहिरीकडचा मागा, टेकडीकडे दुपारनंतर ऊनच येत नाही.