मानेत परत आलेल्या कर्करोगावर आयोडीन-१२५ सीड: कुणी घ्यावं, काय तपासावं

पूर्ण रेडिएशन होऊनही गाठ उलटली आणि सर्जनने हात टेकले, तर हा पर्याय विचारात घेण्याजोगा. चीनमध्ये तो बराच रुळलाय. सीड म्हणजे किरणोत्सारी आयोडीन भरलेली टायटॅनियमची कुपी, जेमतेम ४.५ मिमी लांब, ०.८ मिमी जाड. सीटीवर बघत १८ गेजच्या सुईने गाठीत सोडतात. अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर यायचा काळ) सुमारे ५९ दिवस, त्यामुळे मारा मंद; किरणांची ऊर्जा कमी, म्हणून तो जवळपुरताच. खरी मेख सुईत आहे. जबड्याच्या हाडाआड ती जरा वळली की सीड एकीकडे गोळा होतात, दुसरीकडे डोस तोकडा पडतो, आणि गाठ तिथूनच वाढते. सुईला वाट दाखवणाऱ्या थ्रीडी-प्रिंटेड साच्याने हे बरंच टळतं. नंतर सीटी काढून डोस पुन्हा न मोजणारं केंद्र सरळ टाळा. गाठ कातडीला किंवा कॅरोटिडला (मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली मोठी धमनी) चिकटलेली असेल तर न भरणारी जखम, रक्तस्राव यांबद्दल आधीच खोदून विचारा.