सिल्डेनाफिल की टाडालाफिल? ताठरतेची गोळी निवडताना

औषधाच्या दुकानात गर्दी ओसरली की काउंटरपाशी येऊन हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न बहुधा एकच असतो: ‘यातली जास्त पॉवरची कुठली?’ फार्मासिस्ट म्हणून मला वाटतं की हा प्रश्न माणसाला चुकीच्या गोळीकडे नेतो. योग्य मात्रेत घेतल्या तर ताठरता आणण्याच्या कामात सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल साधारण तोडीस तोड आहेत. फरक पडतो तो वेळेत, जेवणात, दुष्परिणामांत आणि तुम्ही आधीपासून घेत असलेल्या इतर औषधांत. निवड तिथे करायची.

पण त्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला हवं. तुम्ही छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेता का? आपल्याकडे कितीतरी पुरुषांच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायला. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, नायट्रोग्लिसरीनचा स्प्रे किंवा पॅच हीसुद्धा त्याच कुळातली औषधं. यातलं काहीही चालू असेल तर सिल्डेनाफिलही नाही आणि टाडालाफिलही नाही. छातीदुखीवरचंच दुसरं औषध निकोरँडिल घेणाऱ्यांनाही हाच नियम.

कारण समजून घेण्यासारखं आहे. कामोत्तेजना झाली की लिंगातल्या मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्यामुळे सायक्लिक जीएमपी नावाचं द्रव्य तयार होतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. पीडीई-५ हे विकर त्या जीएमपीला मोडतं. आपली गोळी हे मोडणं रोखते. नायट्रेट शरीरभर तोच नायट्रिक ऑक्साइड पुरवतं. दोन्ही एकत्र आले की रक्तवाहिन्या बेसुमार सैलावतात, रक्तदाब धाडकन खाली येतो आणि जीवही जाऊ शकतो. नायट्रिक ऑक्साइडच्या या संशोधनाला १९९८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला ‘व्हायाग्रा’ या नावाने परवानगी मिळाली. फायझर कंपनी ते खरं तर अंजायनावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या छातीदुखीवर तपासून बघत होती.

आता दोघींमधला मुख्य फरक. सिल्डेनाफिल शरीरात लवकर येते, लवकर जाते. संबंधांच्या साधारण तासभर आधी घ्यायची. उपयोग सुमारे चार तास, शेवटी शेवटी उतरता. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो, कारण रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साडेसतरा तास लागतात. सिल्डेनाफिलला त्यासाठी चारेक तास पुरतात. ३६ तास ऐकून काही जण घाबरतात. तेवढा वेळ ताठरता राहत नाही. त्या काळात उत्तेजना झाली तर शरीर साथ देतं, इतकाच अर्थ. मनात इच्छा आणि जवळीक नसेल तर दोन्हींपैकी कुठलीही गोळी घेऊन काही घडत नाही, आणि आटलेली इच्छा या गोळ्यांनी परत येत नाही.

आपल्या घरांचा विचार केला तर हा फरक फार मोठा ठरतो. वन रूम किचन, बाहेरच्या खोलीत आईवडील, मुलं अभ्यासाला जागी. एकांत कधी मिळेल याचा नेम नसतो. तासभर आधी गोळी घ्यायची आणि मग घड्याळाकडे बघत राहायचं, या ताणानेच काहींचा प्रयत्न फसतो, बायकोलाही ते जाणवतं. अशा जोडप्यांना टाडालाफिल सोयीची पडते. दोन्ही गोळ्या वापरून बघितलेल्या पुरुषांच्या अनेक अभ्यासांत जास्त जणांनी टाडालाफिलला पसंती दिली, ती मुख्यतः या मोकळेपणासाठी. याउलट महिन्यातून एखाद-दोनदाच, ठरवून एकत्र येणाऱ्यांना दीड दिवस औषध अंगात बाळगायची गरज नाही. त्यांच्यासाठी सिल्डेनाफिल पुरेशी आहे.

जेवणाचंही बघा. मटणाचं भरगच्च ताट जेवून सिल्डेनाफिल घेतली तर ती रक्तात चढायला सुमारे तासभर जास्त लागतो आणि जोरही कमी पडतो. ‘गोळी लागूच पडली नाही’ म्हणणाऱ्यांतल्या काहींचं उत्तर एवढ्यातच असतं. टाडालाफिलवर जेवणाचा परिणाम होत नाही. जास्त दारू मात्र दोन्हींना मारक: रक्तदाब उतरतो आणि ताठरताही जाते.

टाडालाफिलचा आणखी एक प्रकार म्हणजे रोजची अडीच किंवा ५ मिलिग्रॅमची गोळी, ठरलेल्या वेळी, संबंध असोत वा नसोत. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा संबंध येत असतील तर याचा विचार करावा. पन्नाशी-साठीतल्या ज्यांना प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्री चार वेळा उठावं लागतं, त्यांना तर माझ्या मते डॉक्टरांकडे आधी हीच विचारावी. रोजच्या ५ मिलिग्रॅमला प्रोस्टेटच्या त्रासासाठी अमेरिकेत २०११ पासून मान्यता आहे. एका गोळीत दोन कामं होतात. मात्र त्याच त्रासासाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर उठून उभं राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती गोष्ट लपवू नका.

डोकं दुखणं, चेहरा लाल-गरम होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी हे दोन्हींकडे होतं. सिल्डेनाफिलमुळे काहींना थोडा वेळ निळसर दिसतं किंवा उजेड डोळ्यांना टोचतो. टाडालाफिलचा खास त्रास म्हणजे कंबर आणि मांड्या दुखणं; तो दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि बहुतेकदा दोन दिवसांत जातो. ज्यांची कंबर मुळातच नाजूक आहे त्यांनी हे लक्षात ठेवून निवड करावी. ताठरता चार तासांहून जास्त राहिली, किंवा अचानक दिसायचं वा ऐकू यायचं कमी झालं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

लांब टिकण्याची दुसरी बाजू आणीबाणीत दिसते. गोळी घेतल्यावर छातीत कळ आली, तर सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळावं लागतं. म्हणून रुग्णालयात पोचल्यावर लाज सोडून पहिलं वाक्य हेच बोलायचं की मी अमुक गोळी अमुक वाजता घेतली आहे. बायकोलाही हे ठाऊक असलं पाहिजे, कारण त्या वेळी बोलणारी कदाचित तीच असेल.

याच गटातल्या बाकीच्या दोन गोळ्या थोडक्यात. व्हार्डेनाफिल वेळेच्या बाबतीत सिल्डेनाफिलसारखीच. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचे ठरावीक आजार असतील तर टाळायची. अव्हानाफिल २०१२ मध्ये आली, १५ ते ३० मिनिटांत काम सुरू करू शकते. सुरुवात पहिल्या दोनपैकी एकीने करण्यात काही तोटा नाही.

दोन्ही गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या, आणि त्यामागे आणखी एक कारण आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून बुजायला आधी त्या लागतात. चाळिशीत ताठरता कमी होणं ही काही वर्षांनी येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ खूण असू शकते. शुगर, कोलेस्टेरॉल, बीपी तपासल्याशिवाय परस्पर गोळी घेणारा ही खूण झाकून टाकतो. बीपीची किंवा नैराश्याची काही औषधंसुद्धा ताठरता कमी करतात. मग आधी तेच औषध बदलून बघता येतं. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या शक्तिवर्धक पुड्या-कॅप्सूल तर हात लावू नयेत अशा. त्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचं तपासण्यांत वारंवार सापडलं आहे, आणि सॉर्बिट्रेट घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. शीघ्रपतनावरचं डॅपॉक्सेटिन घातलेली जोडगोळीही तो त्रास नसेल तर नको.

मात्रा सहसा सिल्डेनाफिल ५० किंवा टाडालाफिल १० मिलिग्रॅमपासून सुरू होते. पासष्टीपुढे, तसंच किडनी-लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर ती कमी ठेवतात. चोवीस तासांत एकच गोळी. पहिल्या रात्री जमलं नाही म्हणून आपणहून दुप्पट घेऊ नका. नीट पद्धतीने, वेगवेगळ्या दिवशी पाच-सहा वेळा घेऊन बघा, मग डॉक्टरांना मात्रा वाढवायची का ते विचारा, आणि तरीही उपयोग झाला नाही तर पहिली बंद करून दोन्हींपैकी दुसरी. मधुमेह जुना असेल किंवा प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर दोन्हींचा उपयोग कमी होऊ शकतो. अशा वेळी मूत्ररोगतज्ज्ञांकडे व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आणि शेवटी इम्प्लांट असे पुढचे उपाय असतात.